किती तापलं, कसं निवलं

भाच्या, हुमनाबादला शेड टाकलीस, आर्गन वेल्डिंगचं मशीन बसवलंस, बरं केलंस. आपल्या भागात स्टेनलेसच्या कामाला आता तोटा नाही. बिदरजवळच्या कोळार वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत, ऊसपट्ट्यात साखर कारखाने आणि गुऱ्हाळं आहेत, कलबुर्गीला तूरडाळीच्या गिरण्या आहेत, आणि देऊळ असो की मंगल कार्यालय, चकचकीत रेलिंग तर हवंच असतं. पण तू मागवलेल्या सामानाच्या यादीत पहिल्या ओळीत लोहचुंबक पाहिलं, तेव्हाच ठरवलं की दोन गोष्टी लिहून पाठवायच्या. चिकटलं की माल खोटा, नाही चिकटलं की अस्सल 304 जातीचं स्टेनलेस, हा हिशेब आता भंगारवाल्यालाही परवडत नाही.

खिशातून रुपयाचं नाणं काढ. 1992 पासून रुपया स्टेनलेसचा आहे आणि चुंबकाला चटकन चिकटतो. त्यात सुमारे 17 टक्के क्रोमियम आहे, निकेल नाही, आणि तो गंजत नाही. उलट बाजारात 202 किंवा जे-4 नावानं जो स्वस्त पत्रा मिळतो, त्याला चुंबक लागत नाही. तरी तो 304 नव्हे. त्यात महाग निकेलची बरीचशी जागा मँगनीज आणि नायट्रोजननं भरून काढलेली असते. आता अस्सल 304चा पत्रा घेऊन त्याचा काटकोन वाकव आणि वाकलेल्या कोपऱ्यावर चुंबक लाव. थोडं का होईना, ओढेल. सपाट जागी मात्र ओढणार नाही. पत्रा एकच, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट म्हणजे टीसी एकच, मग हे काय झालं?

चुंबकाला रसायन कळत नाही, त्याला आतल्या अणूंची मांडणी कळते. स्टेनलेसमध्ये तुझ्या कामाच्या मांडण्या तीन. 304 आणि 316 मध्ये असते ती ऑस्टेनाइट: मऊ, चिवट, चुंबकाला दाद न देणारी. रुपयात असते ती फेराइट: चुंबकाला लागणारी, निकेलवाचून भागवणारी. आणि तिसरी मार्टेन्साइट: कडक, ठिसूळपणाकडे झुकणारी, चुंबकाला लागणारी, कात्रीच्या पात्यातली. यातली कुठली मांडणी राहणार हे निम्मं टक्क्यांवर ठरतं आणि निम्मं त्या धातूवर काय काय बेतलं त्यावर. टक्के मिलमध्ये ठरतात आणि टीसीवर छापून येतात. मांडणी मात्र तुझ्या शेडमध्येही बदलते: वाकवताना, जोडताना, तापवून निववताना. टीसी बघायला तुला कुणीही शिकवेल. मी या दुसऱ्या अर्ध्याबद्दल सांगतो आहे.

आधी वाकवण्याचं. 304 थंडच ठोकला, ओढला, दाबला की आतल्या ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइट होतो. म्हणून कोपऱ्याला चुंबक लागतं, आणि म्हणूनच तोच कोपरा पुन्हा वाकवायला गेलास तर हाताला कडक लागतो. 316 मध्ये निकेल जास्त असल्यानं हे कमी होतं. थंडीत हा बदल जास्त होतो, उन्हाळ्यात कमी. बिदरच्या पठारावर डिसेंबरच्या पहाटे खोल ओढकाम करणाऱ्यानं पत्रा गारठलेला घेऊ नये, उन्हात टाकून मग प्रेसखाली घ्यावा, एवढा त्यातला शहाणपणा. साध्या डक्टला, हॉपरला याची फिकीर करू नकोस.

पण भांडी ओढणाऱ्याला ही फिकीर करावीच लागते. तुला आठवत असेल, भांड्याच्या दुकानातला नवा कोरा डबा, कुणी हात न लावता, रात्रीत काठापासून उभा चिरतो. दुकानदार म्हणतो नजर लागली, गिऱ्हाईक म्हणतं माल हलका. कमी निकेलच्या पत्र्याला एका दमात खोल ओढलं की काठाशी भरपूर मार्टेन्साइट तयार होतं, वर ओढताना कोंडलेला ताण तिथेच बसलेला असतो, आणि पत्र्यात मुरलेला किंचित हायड्रोजन हळूहळू त्या ताणाच्या जागी जमा होतो. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, चीर सुटते. याला उपाय दोन: ओढकाम टप्प्याटप्प्यानं करून मध्ये एकदा पत्रा लाल तापवून मऊ करून घ्यायचा, नाहीतर ओढकामासाठी म्हणून तांबं घातलेला पत्रा येतो तो घ्यायचा. काठ तासून गुळगुळीत केला तरी बराच फरक पडतो, कारण चीर धरते ती कातरलेल्या कडेच्या खरवडीवर.

आता पाणी पाजण्याचं. आपल्याकडे लोहाराच्या भात्याशेजारी वाढलेल्या पोराच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: लाल झालेलं लोखंड पाण्यात बुडवलं की कडक होतं, हळूहळू निवू दिलं की मऊ. विळ्याला, कुऱ्हाडीला हे शंभर टक्के खरं आहे. 304 ला नेमकं उलट. 1050 अंशांच्या आसपास तापवून, आतपर्यंत उष्णता मुरू देऊन पाण्यात झटकन बुडवलं, की 304 जितका मऊ होऊ शकतो तितका मऊ होतो. वाकवताना झालेलं मार्टेन्साइट परतून ऑस्टेनाइट होतं, इकडेतिकडे जमलेला कार्बन धातूत विरघळतो आणि झटक्यानं निवल्यामुळे विरघळलेलाच राहतो. चुंबक पुन्हा सुटतं. हाच 304 वाळूत किंवा राखेत पुरून सावकाश निववलास, तर वरून काही दिसणार नाही आणि आतून तो नासलेला असेल. लोहाराच्या हातचा हा एक गुण इथे अवगुण ठरतो. तुझ्याकडे काम करणारा जुना मिस्त्री कितीही निष्णात असो, स्टेनलेस तापवण्याआधी त्याला हे एकदा समोर बसवून सांग.

सावकाश निववल्यानं आतून नासतो तो कसा, हे नीट समजून घे, कारण तुझं निम्मं नुकसान इथेच होणार आहे.

स्टेनलेस गंजत नाही कारण त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर धरतं. त्यासाठी क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर असावं लागतं, आणि ते सगळीकडे असावं लागतं, सरासरीनं भागत नाही. 304 मध्ये ते 18 च्या आसपास असतं, म्हणजे भरपूर. पण कार्बन आणि क्रोमियम यांची ओढ मोठी. धातू 425 ते 850 अंशांच्या दरम्यान रेंगाळला, की कार्बन धातूच्या बारीक स्फटिककणांच्या सीमेवर येतो आणि तिथल्या क्रोमियमला धरून कार्बाइड बनवतो. या कार्बाइडात वजनानं बहुतेक क्रोमियमच असतं. चिमूटभर कार्बन, पण सीमेलगतचं क्रोमियम तो ओढून नेतो आणि तिथली पातळी साडेदहाच्या खाली जाते. कणाचं पोट अजून 18 टक्क्यांचंच असतं, काठ मात्र उघडा पडतो. मग आम्ल आलं की ते सीमेसीमेनं आत शिरतं. बिदरच्या किल्ल्याच्या एखाद्या पडक्या भिंतीत दगड शाबूत आणि मधला चुना तेवढा धुऊन गेलेला पाहिलास ना, तसंच. हातोडी मारलीस तर खणखण वाजायच्या ऐवजी बद्द आवाज येतो.

वेल्डिंगमध्ये हे कुठे होतं? वेल्डच्या मण्यात नाही आणि दूरच्या पत्र्यातही नाही. मण्यापासून काही मिलिमीटर अंतरावर दोन्ही बाजूंना एक एक पट्टा असतो, जिथे उष्णता वितळण्याइतकी नव्हती पण या धोक्याच्या टप्प्यात पुरेसा वेळ होती. टाकी काही महिने चालते आणि मग वेल्डला समांतर, शिसपेन्सिलीनं आखल्यासारखी गंजाची रेघ उमटते. मालक म्हणतो वेल्डरनं घाण केली. वेल्डरचा मणी तर सुंदर असतो! चूक असते पत्र्याच्या निवडीत, नाहीतर धातूत किती उष्णता ओतली त्यात.

म्हणून मागणी लिहिताना वेल्ड होणाऱ्या प्रत्येक भांड्याला 304 एल लिही, नुसतं 304 नको. एल म्हणजे कार्बन 0.03 टक्क्यांपर्यंत. कार्बन 0.06-0.07 असेल तर 700 अंशांवर काही मिनिटांत नासाडी सुरू होते, 0.03 ला तिथेच काही तास लागतात, आणि वेल्डिंगमध्ये तेवढा वेळ कधीच जात नाही. जे भांडं कायमच गरम चालणार असेल तिथे 321 किंवा 347 विचार. पहिल्यात टायटॅनियम असतं, दुसऱ्यात नायोबियम. कार्बनची त्यांच्याशी ओढ क्रोमियमपेक्षाही जास्त, त्यामुळे तो क्रोमियमला हात लावत नाही.

हात तुझा असा ठेव: अँपियर लागेल तेवढाच, मणी सरळ आणि अरुंद, डोलवत रुंद नेऊ नकोस. एक फेरा झाला की पुढच्या फेऱ्याआधी जोड 150 अंशांच्या खाली येऊ दे. तापमान दाखवणारा खडू मिळतो, तो घे. थुंकी टाकून चर्र वाजतं का ते बघणं एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या कामात चालून गेलं असेल, औषध कारखान्याचा इन्स्पेक्टर समोर उभा असताना चालणार नाही. आणि एमएसला करतात तसं आधी तापवणं 304 ला करू नकोस. त्यानं भलं काहीच होत नाही.

फिलर रॉडबद्दल पोरं एक प्रश्न हमखास विचारतात: पत्रा 304, मग रॉड 308 एल का? वेल्ड निवताना पूर्ण ऑस्टेनाइट झाला तर निवता निवताच मध्यावर चीर सुटते, कारण गंधक-फॉस्फरसचा कचरा शेवटी गोठणाऱ्या रेघेवर जमतो. मण्यात थोडं फेराइट राहिलं, साधारण 3 ते 8 फेराइट नंबरइतकं, तर ही चीर टळते. 308 एलचं रसायन तेवढं फेराइट उरावं अशा बेतानं जमवलेलं असतं. म्हणून 304च्या वेल्डला चुंबक हलकंसं लागलं तर घाबरू नकोस, ते बरंच लक्षण आहे. क्रोमियम-निकेलच्या हिशेबावरून मण्यात काय उरेल हे दाखवणारा नकाशा शेफ्लर नावाच्या माणसानं 1949 मध्ये काढला. आजही पुष्कळ वेल्डिंग इंजिनिअरांच्या टेबलाच्या काचेखाली त्याची एक प्रत असते. तूही एक लाव.

त्या नकाशाचा खरा उपयोग आहे एमएस आणि एसएस (स्टेनलेस) जोडताना. टाकीला एमएसचे पाय, काहिलीला एमएसच्या कड्या, हे आपल्याकडे रोजचं काम. तिथे 308 लावलास की वितळलेलं एमएस त्या मण्यात मिसळतं, क्रोमियम-निकेल पातळ होतं, आणि नकाशावर मणी सरकून मार्टेन्साइटच्या प्रांतात जातो. दिसायला छान, भार आला की कडेनं तडा. तिथे 309 एल वापर. त्यात क्रोमियम-निकेल मुद्दाम जास्त असतं, एमएस मिसळूनही पुरून उरतं.

काहिलीचा विषय निघाला म्हणून. गुऱ्हाळवाले आता लोखंडी काहिली टाकून स्टेनलेसच्या मागायला लागलेत, गूळ पिवळाधमक उतरतो म्हणून. घे ते काम, पण विचार करून. स्टेनलेस एमएसच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यानं उष्णता वाहून नेतं आणि दीडपट फुगतं. खाली चिपाडाचा जाळ, वर रस, त्यामुळे पातळ तळ फुगे धरतो, लाटा धरतो. रस आत आहे तोवर आतल्या मांडणीला धोका नाही, कारण गूळ उतरतो तो 118 अंशांच्या आसपास आणि पत्रा त्याहून फार वर जात नाही. धोका आहे तो काहील रिकामी करून तशीच जळत्या चुलवाणावर ठेवण्यात. दहा-पंधरा मिनिटांत तळ लालसर होतो, म्हणजे नेमका त्या वाईट टप्प्यात, आणि हंगामभर रोज तेच. मग आंबट रस त्याला खाणार. तळाला जोड येऊ देऊ नकोस, मोठा पत्रा घेऊन जोड वर काठाकडे ने, जाडी कंजुषी करून कमी करू नकोस, आणि पुढचा रस तयार नसेल तर निदान पाणी ओतून ठेवा, हे गुऱ्हाळाच्या मालकाला माल देतानाच बजावून सांग. तो हसेल. तरी सांग.

साखर कारखान्याचा हंगाम संपला की देखभालीची कामं निघतात. रसाच्या हीटरमधल्या पितळी नळ्या जाऊन तिथे 304 च्या किंवा 439 च्या नळ्या येऊन जमाना झाला. 439 आणि 430 ही फेराइटची जात. त्यांना वेल्ड करताना वेगळंच संकट असतं: कार्बाइडपेक्षा कणांची वाढ. जास्त उष्णता दिली की वेल्डशेजारचे कण फुगून मोठे होतात आणि तो भाग ठिसूळ होतो, आणि तापवून-निववून ते कण पुन्हा बारीक करता येत नाहीत. 304 नासला तर 1050 ला नेऊन पाण्यात टाकला की सुधारतो, 430 ला ती सोय नाही. म्हणून तिथे उष्णता अजूनच हात राखून.

भट्टीचं एक सांगतो, जे लाखोंचं नुकसान करून जातं. एमएसच्या जाड भांड्याचा ताण घालवायला ते 600 ते 650 अंशांवर तासभर किंवा जास्त ठेवतात. चांगली रीत आहे. पण त्याच भांड्याला 304 चे नोझल आधीच वेल्ड करून ठेवले असतील, तर एमएसचा ताण जातो आणि 304 मुरंब्यासारखा मुरतो. एल नसेल तर खात्रीनं. काम घेताना क्रम विचार: ताण घालवायचा असेल तर एसएसचे भाग नंतर जोडायचे, नाहीतर तिथे 321-347 सारखी स्थिरावलेली जात वापरायची. आणि स्टेनलेस भट्टीत घालण्याआधी त्यावरचं तेल, ग्रीस, मार्करची शाई, रंग सगळं पुसून घे. तेलातला कार्बन तापून धातूत शिरतो, म्हणजे एलसाठी जास्तीचे पैसे मोजून कार्बन पुन्हा आपणच भरायचा.

ड्युप्लेक्स, म्हणजे 2205 वगैरे, तुझ्याकडे आज ना उद्या येणार. त्यात ऑस्टेनाइट आणि फेराइट निम्मे निम्मे असतात, म्हणून ते 304 च्या दुप्पट मजबूत आणि क्लोराइडला चिवट. पण नखरे फार. 700 ते 1000 अंशांत सावकाश निवलं तर सिग्मा नावाची कडक, काचेसारखी मांडणी तयार होते आणि चिवटपणा संपतो. फारच झटक्यानं निवलं तर वेल्डमध्ये फेराइट जास्त उरतं. उष्णता फार कमीही नको, फार जास्तही नको, रॉड 2209, फेऱ्यांमधलं तापमान 150 च्या आत. आणि 300 अंशांच्या पुढे कायम चालणाऱ्या जागी ते वापरायचंच नाही, कारण फेराइटचा भाग 475 च्या आसपास लवकर ठिसूळ होतो, आणि त्याहून कमी तापमानातही महिनोन् महिने आतल्या आत ठिसूळ होत जातो. लेखी पद्धत मंजूर असल्याशिवाय हे काम अंगावर घेऊ नकोस.

420 च्या, म्हणजे मार्टेन्साइटच्या जातीच्या, पात्यांबद्दल एवढंच: तिथे तुझा लोहार बरोबर आहे. साधारण 1000 ते 1050 ला तापवून तेलात किंवा हवेत निववायचं, मग कमी आचेवर पुन्हा तापवायचं. न पाजलेलं 420 मऊ तर असतंच, शिवाय लवकर गंजतं, कारण त्यातलं क्रोमियम कार्बाइडात अडकून पडलेलं असतं. लोकांना उलट वाटतं.

आता आपल्या बिदरची गोष्ट. बिदरी काम बघायला तू लहानपणी बसायचास. तिचा धातू म्हणजे बहुतेक जस्त, त्यात थोडं तांबं. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप गरम पृष्ठभागावर चोळला की जस्त काळं कुळकुळीत होतं आणि त्यात जडवलेली चांदी पांढरी राहते. बिदरीला शोभा देणाऱ्या या दोन्ही वस्तू, जस्त आणि नवसागर, स्टेनलेसच्या वैरी आहेत. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाला 304 वेल्ड केलास की जस्त वितळून तापलेल्या ऑस्टेनाइटच्या कणसीमांत शिरतं आणि धातू जागेवर तडकतो. जीआय क्लॅम्प, जस्ताचा रंग, सगळं वेल्डपासून दूर. आणि नवसागर म्हणजे क्लोराइड. कल्हईवाला आपल्या गल्लीत बसत असेल तर तो धूर तुझ्या टाकीवर येऊ देऊ नकोस. मीठ, बाथरूम धुण्याचं आम्ल, आपल्या बोअरचं खारट पाणी, देवळात फोडलेल्या नारळाचं पाणी, सगळी त्याच कुळातली. 202 च्या रेलिंगवर वेल्डशेजारी तपकिरी ठिपके येतात ते यामुळेच. बफ मारला की जातात, पावसाळ्यात परत येतात. देवस्थानाच्या कामाला निदान 304 दे, भक्तमंडळी दर वाढवून देत नसतील तर काम सोड.

वेल्डशेजारचा इंद्रधनुष्यी रंग बघून नवे वेल्डर खूश होतात. फिकट पिवळा असेल तर चालेल. निळा-जांभळा, करडा, काळा म्हणजे वर जाड ऑक्साइड आणि त्याच्या खाली क्रोमियम कमी झालेला पातळ थर. तो काढल्याशिवाय भांडं द्यायचं नाही. पाइपाच्या आतून आर्गन सोडून आधीच तो टाळ, कारण आत हात पोचत नाही. बाहेरचा काढायला पिकलिंग पेस्ट. त्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. हायड्रोफ्लोरिक कातडीला लागलं तर आधी फारसं जळतही नाही, तासाभरानं हाडापर्यंत दुखायला लागतं. रबरी मोजे, चेहऱ्यावर ढाल, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल शेडमध्ये समोर दिसेल अशी ठेव. ही जेल नसेल तर पेस्टचा डबा उघडायचा नाही. पेस्ट उन्हात वाळू देऊ नकोस, आणि धुतलेलं पाणी चुन्यानं शांत करूनच सोड. नासलेल्या पत्र्यावर पेस्ट लावलीस तर तिथे ती सीमांत घुसून खाते, हेही लक्षात ठेव. रंग काढायच्या नादात भोक पाडून बसशील.

एमएसचा तारेचा ब्रश, एमएस घासलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसला लावायची नाही. दोन्हीचे संच वेगळे, खुंट्याही वेगळ्या. लोखंडाचे कण पत्र्यात रुतले का हे बघायची परीक्षा आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळते: मोरचूद. पाव लिटर स्वच्छ पाण्यात चार ग्रॅम मोरचूद आणि एक मिलिलिटर जोराचं गंधकाम्ल. आम्ल पाण्यात थेंबथेंब टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हा द्राव सहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहील असा लाव. लोखंड असेल तिथे तांब्याचा लालसर डाग धरतो. फक्त अन्नाशी संबंध येणाऱ्या आतल्या पृष्ठभागावर हे करू नकोस, बाहेरच्या बाजूनं किंवा तुकड्यावर कर.

हल्ली पिस्तुलासारखं क्ष-किरणांचं यंत्र येतं, दोन-चार सेकंदांत निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम सांगतं. भाड्यानं मिळतं. 202 आणि 304 वेगळे करायला याच्यासारखं काही नाही. पण त्याला कार्बन दिसत नाही, म्हणून 304 आणि 304 एल यांतला फरक ते सांगू शकत नाही, आणि मांडणीबद्दल तर काहीच नाही. पिस्तूल दाखवून कुणी एलची खात्री देत असेल तर पत्रा परत पाठव. कार्बनसाठी ठिणगी पाडून करतात ती परीक्षा लाव आणि पत्र्यावरचा हीट नंबर टीसीशी ताडून बघ.

मांडणी बिघडली की नाही हे बघायला एक स्वस्त परीक्षा आहे. 100 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल 900 मिलिलिटर पाण्यात विरघळव. आरशासारखा घासलेला तुकडा बॅटरीच्या धन टोकाला, स्टेनलेसचं भांडंच ऋण टोकाला. दर चौरस सेंटिमीटरला एक अँपियर, दीड मिनिट. मग धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली. कणांच्या मध्ये नुसत्या पायऱ्या दिसल्या तर पत्रा ठीक. एखादा जरी कण चारी बाजूंनी खोल चरानं वेढलेला दिसला तर तो नाकारायचा नाही लगेच, पुढची मोठी परीक्षा करायची: मोरचूद आणि गंधकाम्लाच्या उकळत्या द्रावात पंधरा तास, मग तुकडा वाकवून चिरतो का बघायचं. ती परीक्षा शेडमध्ये नको, प्रयोगशाळेतच. सूक्ष्मदर्शकासाठी भालकी, बिदर, कलबुर्गी तिन्हीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, मेकॅनिकल विभागाला विचारून बघ. फक्त तुकडा कापताना वेल्डच्या दोन्ही बाजूंचा पट्टा त्यात आला पाहिजे. नुसता मणी कापून नेलास तर मास्तर छान छान म्हणतील आणि तुला काहीच कळणार नाही.